दुखत-खुपत नसताना तपासणी: करावी की राहू द्यावी?

गाठ हाताला लागली असेल, वजन उगाच उतरत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. इथे प्रश्न ठणठणीत माणसाचा आहे. त्याने स्क्रीनिंग करून घ्यावं का?

मला विचाराल तर तपासणीगणिक उत्तर बदलतं. गर्भाशयमुखाचा कर्करोग व्हायला बरीच वर्षं लागतात. पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) किंवा एचपीव्ही (तो कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची) चाचणीत त्याआधीची पायरी सापडते आणि तिथेच इलाज होतो. मोठ्या आतड्यातल्या पॉलिपचंही, म्हणजे आतल्या अस्तरावर उगवलेल्या गाठीचंही, तसंच. रक्तदाब मोजायला तर दोन मिनिटं लागतात. इथे पारडं स्पष्टपणे ‘करा’कडे झुकतं.

आता दुसरं टोक. दक्षिण कोरियात 1999 मध्ये राष्ट्रीय कर्करोग तपासणी सुरू झाली आणि तिच्या जोडीला थायरॉइडची सोनोग्राफीही सर्रास होऊ लागली. 2011 मध्ये थायरॉइड कर्करोगाचं निदान 1993 च्या 15 पट होतं, पण त्याने होणारे मृत्यू जवळपास तितकेच राहिले. ज्या बारीक गाठींनी जन्मभर त्रास दिला नसता, त्यांच्यासाठी हजारो लोकांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि अनेकांच्या मागे रोजची गोळी लागली. याला अतिनिदान म्हणतात. तोटा मोजताना आपण सुई टोचण्यापलीकडे जातच नाही, खरा तोटा हा असतो.

मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, या दोन टोकांच्या मध्ये येते. ब्रिटनमधल्या स्वतंत्र समितीने 2012 मध्ये हिशोब मांडला: एक मृत्यू टळतो, तेव्हा साधारण तीन स्त्रियांना अतिनिदानाला सामोरं जावं लागतं. यावर दोन शहाण्या बायका दोन वेगळे निर्णय घेतील आणि दोघीही बरोबर असतील. सरसकट ‘फुल बॉडी’ पॅकेजबद्दल मात्र मी साशंक आहे. सर्वसाधारण आरोग्य तपासण्यांमुळे मृत्यू कमी होत नाहीत, असंच मोठ्या वैद्यकीय प्रयोगांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे.

‘लवकर सापडलं म्हणून दहा वर्षं जगले’ हे वाक्यही तपासून घ्या. सत्तराव्या वर्षी गेलेल्या माणसाचा आजार सदुसष्टाव्या वर्षी कळला असता, तर तो तीन वर्षं जगला असं म्हटलं असतं. साठाव्या वर्षी कळला म्हणून दहा. आयुष्य तेवढंच, फक्त मोजणी आधी सुरू झाली.

इथून पुढे मनाचा प्रांत. समजा, 1000 जणांत 10 आजारी आहेत. चाचणी त्यातले 9 पकडते, पण निरोगी 990 मधल्याही 89 जणांना ‘पॉझिटिव्ह’ ठरवते. म्हणजे घाबरलेल्या 98 जणांत खरे आजारी 9. ‘चाचणी 90 टक्के अचूक’ ऐकलेल्या माणसाला हे सुचत नाही. पुढची बायोप्सी आणि रिपोर्टची वाट पाहणं झोप उडवतं, ते वेगळंच. मॅमोग्राफीत खोटी धोक्याची घंटा वाजलेल्या स्त्रियांवर त्याचा मानसिक परिणाम तीन वर्षांनंतरही टिकून होता, असं डेन्मार्कमधल्या अभ्यासात आढळलं. उलट, रिपोर्ट स्वच्छ आला की सिगारेटला परवाना मिळाल्यासारखं वाटणारेही असतात.

टाळणाऱ्यांचं मन निराळं. क्षयासाठी छातीचा एक्स-रे फुकट असूनही लोक का येत नाहीत, हा प्रश्न 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या सामाजिक मानसशास्त्रज्ञांना पडला होता. ‘मला होऊ शकतं’ आणि ‘कळल्याने फायदा होईल’ या दोन्ही गोष्टी पटल्या, तर माणूस येण्याची शक्यता वाढते, असं त्यांना दिसलं. दुसरी गोष्ट पटत नसेल तर न जाणं म्हणजे भित्रेपणा नव्हे. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराची जनुकीय चाचणी आहे, पण तो थांबवणारा इलाज नाही. धोका असलेल्या घरांतले बहुतेक जण ती चाचणी करूनच घेत नाहीत.

तेव्हा डॉक्टरांना आधी विचारा, ‘पॉझिटिव्ह आलं तर पुढे काय?’ उत्तर ऐकून जायचं ठरलं, तर तारीख, वेळ आणि कसं जाणार हे आजच कागदावर लिहा. गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी एवढं लिहून ठेवलेल्या स्त्रिया, नुसतं ‘जाईन’ म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त संख्येने प्रत्यक्ष गेल्या.