दारात बंदूकवाला की टेबलाखाली घंटी?

ग्वाल्हेरला लष्करच्या सराफ्यात दुकान असलेल्या आमच्या दादांचं काही ठरत नाहीये: राखणीला बंदूकवाला गार्ड ठेवावा, की दाबली की पोलिसांना बोलावणारी छुपी घंटी बसवावी?

खर्चाचं सोपं आहे. गार्डाचा पगार दरमहा, कायमचा. घंटी आणि वेळकुलपाची (ठरावीक वेळ गेल्याशिवाय न उघडणारी) तिजोरी म्हणजे एकदाच मोठी रक्कम, मग सर्व्हिसिंग.

खरी परीक्षा हत्यारबंद टोळी आली तर. गार्डाकडे बहुधा बारा बोअरची दुनाळी. दोन बार झाले की नळी मोडून पुन्हा काडतुसं भरायची. समोर मॅगझिनवालं पिस्तूल असेल तर तेवढी सवड कोण देतो? शिवाय गर्दीत छर्रे कुणालाही लागतात, आणि धावून आलेल्या पोलिसांना चोर कोण, गार्ड कोण हे आधी ओळखावं लागतं. निवडणूक लागली की परवान्याची बंदूक ठाण्यात जमा करायचा हुकूमही येऊ शकतो. सूट हवी तर अर्ज करा.

घंटीने पोलीस येतात, पण आधी पोचते ती गस्तीची गाडी. ती बाहेरून घेरून कुमक मागवेल. तोवर आतले तुमचे तुम्ही. इथे वेळकुलूप कामी येतं: मालकालाही तिजोरी लगेच उघडत नाही आणि लुटारूंना घाई असते. तशी पाटी मात्र दारावर हवी, नाहीतर फुकट मार खाल.

रोज रोकड ने-आण असेल, भुरट्यांचा त्रास असेल, तर गार्ड ठेवा. माल तिजोरीत राहणार असेल तर घंटी. दादांनी घंटीच घ्यावी. दाराशी हवाच तर लाठीवाला पुरे.