मर्लिन बर्ड आयडी: येऊरमध्ये तरबेज, खाडीवर कच्चं

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचं, आवाज किंवा फोटोवरून पक्षी ओळखणारं हे ॲप फुकट आहे. जाहिराती नाहीत, आणि आपल्या भागाचा पॅक एकदा उतरवून घेतला की नेटशिवाय चालतं. ठाणे-नवी मुंबईत पक्षी पाहणाऱ्याच्या फोनमध्ये ते असावंच. मात्र ते कुठे उघडायचं आणि कुठे खिशात ठेवायचं, हे कळलं नाही तर त्यावरून चुकीच्या नोंदींची वही भरते. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात आवाज ओळखण्यासाठी पाचपैकी साडेचार, सोसायटीच्या आवारात चार, आणि ठाणे खाडीच्या चिखलावर फार तर दीड, असे गुण आम्ही देऊ.

आधी तयारी. पॅक काही शे एमबीचा असतो, तो घरच्या वायफायवरच उतरवा. लोकेशन आणि मायक्रोफोन या दोन्हींना परवानगी द्या. ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर जगभरातल्या पक्षिनिरीक्षकांनी जमवलेल्या नोंदींवरून त्या ठिकाणी, वर्षाच्या त्या दिवसांत कोणता पक्षी संभवतो याचा अंदाज हे ॲप बांधतं. ठिकाण किंवा तारीख चुकली की यादीच चुकते. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत ही माहिती सहसा उरलेली नसते, त्यामुळे मित्राने डिसेंबरात काढलेला फोटो मे महिन्यात तपासायचा तर तारीख हाताने भरावी लागते. नाहीतर हिवाळी पाहुणे यादीत मागे पडतात.

आता याचा सगळ्यात दमदार भाग: साउंड आयडी. 2021 मध्ये तो अमेरिका आणि कॅनडातल्या पक्ष्यांपुरता सुरू झाला, आता आपल्याकडचे नेहमीचे पक्षीही त्यात आहेत. बटण दाबलं की आवाजाचा आलेख पडद्यावर सरकू लागतो आणि खाली एकेक नाव उमटतं. तोच पक्षी पुन्हा बोलला की त्याच्या नावावर पिवळा पट्टा येतो. हा पिवळा पट्टा फार कामाचा. आपल्या कानावर आत्ता पडला तो आवाज आणि पडद्यावरचं नाव यांची गाठ तिथेच पडते. चार सकाळी असं केलं की तांबटाचं टुक टुक, शिंप्याचं टुविट टुविट आणि सुभगाची लांब शीळ ॲपशिवाय ओळखू येतात. पावशासाठी तर मराठी माणसाला ॲप लागूच नये. ‘पेरते व्हा’ हे शेतकऱ्याने कधीच ऐकून ठेवलंय.

फोनची भाषा इंग्रजी असेल तर नावंही इंग्रजीत येतात, तेवढी जुळवून घ्या. कॉपरस्मिथ बार्बेट म्हणजे तांबट, टेलरबर्ड म्हणजे शिंपी, कॉमन आयोरा म्हणजे सुभग, मॅगपाय रॉबिन म्हणजे दयाळ.

रेकॉर्डिंग चांगलं आलं नाही की निकालही चांगला येत नाही. फोनचा मुख्य माइक बहुतेक वेळा खालच्या कडेला असतो. ती कड पक्ष्याच्या दिशेने धरा, बोट त्यावर येऊ देऊ नका, जाड कव्हर असेल तर काढा. ब्लूटूथ बंद ठेवा, म्हणजे ब्लूटूथ इअरफोनचा माइक मध्ये येणार नाही. एका जागी उभं राहून अर्धा-एक मिनिट घ्या. चालताना घेतलेलं रेकॉर्डिंग वाया जातं, विशेषतः येऊरमध्ये हिवाळ्याअखेर सागाची पानं गळलेली असताना. बुटाखाली ती पापडासारखी वाजतात. वेळ सूर्योदयापासून पहिल्या दोन तासांची. घोडबंदर रोडच्या बाजूला ट्रकांची घरघर आलेखाच्या तळाशी जाड पट्टा बनून बसते. बारीक, उंच आवाजाचे पक्षी तरीही त्या पट्ट्याच्या वर सुटे दिसतात, पण होला किंवा भारद्वाज यांच्यासारखे खालच्या पट्टीतले आवाज त्यात बुडतात. भारद्वाजाचा घुमणारा ‘हूप हूप’ तुम्हाला स्पष्ट ऐकू येतोय आणि ॲप गप्प, असं झालं तर दोष बहुधा रस्त्याचा.

सोसायटीच्या आवारात साउंड आयडीचा एक वेगळाच फायदा आहे. नवी मुंबईत सिंगापूर चेरीची झाडं बरीच आहेत, आणि त्यांच्या फळांवर टिकेलचा फुलटोच्या हमखास येतो. जेमतेम आठ सेंटीमीटरचा, मातकट रंगाचा, एका फांदीवर न टिकणारा पक्षी. त्याची बारीक ‘टिक टिक’ वयस्कर कानांना पुष्कळदा ऐकूच येत नाही. फोनला येते. नाव उमटलं की चेरीच्या टोकाच्या फांद्यांवर नजर लावायची.

हिवाळी वटवट्यांचंही (वॉर्बलर) तेच. ऑक्टोबर ते एप्रिल झाडांच्या शेंड्यांत हिरवट पर्ण वटवट्या असतो आणि खाली झुडपांत ब्लिथचा बोरू वटवट्या. दोघंही मळकट, दोघंही पानांआड, आणि फोटोत दोघंही ‘काहीतरी हिरवट-तपकिरी’. आवाज मात्र साफ वेगळे: पहिल्याचा दोन तुकड्यांचा ‘चिस्-ली’, दुसऱ्याचा दगडावर दगड आपटल्यासारखा ‘टक्’. इथे डोळ्यांपेक्षा ॲपवर भरवसा ठेवलेला बरा.

आता ॲपची खोड. येऊरमध्ये भृंगराज आहे, आणि तो पक्का नकलाकार. शिक्रा, सर्पगरुड, बुलबुल, ज्याचा मनात येईल त्याचा आवाज काढतो. ॲपला ऐकू येतो तो आवाज. तो कोणाच्या चोचीतून निघाला, हे त्याला कळत नाही. एकाच झाडातून मिनिटभरात शिक्रा, हळद्या आणि आणखी दोन-तीन नावं पाठोपाठ आली तर वर बघा. शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला चकत्या दिसल्या की उलगडा झाला. हरेवाही हाच उद्योग करतो, आणि तो पानांच्याच रंगाचा असल्याने सापडायला जास्त वेळ घेतो. शिवाय नावापुढे दुर्मिळतेचा लाल ठिपका असेल तर तो पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत वहीत चढवू नका. ‘दिस इज माय बर्ड’ हे बटण फार सहज दाबलं जातं. दुर्मिळ नावांच्या निम्म्या भानगडी तिथूनच सुरू होतात, असं आमचं मत.

ॲपमध्ये प्रत्येक पक्ष्याचे नमुना आवाज आहेत. ते जंगलात मोठ्याने वाजवून पक्षी बोलावणारे लोक दिसतात. हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून पक्षी धावत येतो, विणीच्या दिवसांत त्यासाठी घरटं उघडं टाकतो. नमुना ऐकायचा तर इअरफोन लावून.

खाडीकडे वळलं की ॲपचा रुबाब उतरतो. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, 2022 मध्ये त्याला महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा रामसर दर्जा मिळाला, आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला माणसं ऐरोलीपासून नेरुळपर्यंत जातात. पण तिथे पक्षी लांब असतात, वारा थेट माइकमध्ये घुसतो, आणि पामबीच रोडची गाज अखंड चालू. साउंड आयडीत टिटवी आणि शेकाट्या येतात, कारण ते ओरडायला कमी करत नाहीत. बाकी चिखल शांत.

मग उरतो फोटो. फोनचा डिजिटल झूम तपशील वाढवत नाही, ठिपका मोठा करतो. दोनशे मीटरवरचा रोहित त्यात गुलाबी डाग होतो आणि मोठा की छोटा, हे ॲपलाच काय, कोणालाच सांगता येणार नाही. हा फरक दुर्बिणीतून पाहा. मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं. छोट्याची चोच सगळीच गडद, लांबून काळीच वाटते, आणि अंगाचा गुलाबी रंगही जास्त गडद. राखी-तपकिरी दिसणारी पिल्लं या दोघांचीही असतात, त्यांना तिसरी जात समजू नका. आठ पट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगांची दुर्बीण या कामाला पुरते. फोनचा कॅमेरा तिच्या डोळा लावायच्या बाजूला नीट टेकवला तर ओळखीपुरता फोटोही निघतो. मोठा कॅमेरा असेल तर त्याच्या मागच्या पडद्याचा फोटो फोनने काढून ॲपला द्या, तेवढ्यावरही ते बऱ्यापैकी ओळखतं. मात्र पक्षी चौकटीत भरेल इतकं ओढून घ्या, आणि ऊन चढण्याआधी आटपा. उन्हं तापली की चिखलावरची हवा थरथरते आणि चांगल्या भिंगातूनही कडा विरघळतात. भरती चढत असताना पक्षी काठाकडे सरकतात, तेव्हा भरतीची वेळ पाहूनच निघा. ओहोटीला गेलात तर क्षितिजावर ठिपके मोजत बसाल.

तुतवारांच्या (सँडपायपर) बाबतीत तर फोटो आयडी हातच टेकतं. साधी तुतवार शेपूट सतत हलवते आणि तिच्या पंखापुढे खांद्याजवळ पांढरी पाचर चढलेली असते. ठिपकेवाल्या तुतवारीची पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, पाय पिवळसर. हिरव्या तुतवारीची भुवई डोळ्यापुढेच संपते, पाठ गडद, आणि उडाली की पंखांची खालची बाजू काळसर व कंबर एकदम पांढरी. शेपटीची हालचाल आणि उडतानाची कंबर एका स्थिर फोटोत कुठून येणार? चिखल्यांमध्ये (प्लोवर) आणखी एक गोंधळ. जुन्या पुस्तकातला लेसर सँड प्लोवर शोधलात तर ॲपमध्ये सैबेरियन आणि तिबेटन असे दोन निघतील. वर्गीकरण बदललं, पक्षी तोच आहे.

फोटो नाही, आवाज नाही, नुसता पक्षी दिसून उडाला, तर ‘स्टेप बाय स्टेप’ आहे: कुठे, कधी, आकार केवढा, रंग कोणते, काय करत होता, असे पाच प्रश्न. इथे दोन ठिकाणी माणसं चुकतात. आकारात ‘रॉबिन’ म्हटलंय तो अमेरिकन रॉबिन, म्हणजे साधारण आपली साळुंकी. दयाळ समजून मोजलंत तर उत्तर एक पायरी सरकतं. दुसरी चूक रंगाची. नाल्याकाठी बसलेला वंचक मातकट तपकिरी असतो, उडाला की पांढराशुभ्र. उडतानाच पाहिलेला माणूस फक्त पांढरा निवडतो आणि यादीत बगळेच बगळे येतात. रंग तीनपर्यंत निवडता येतात, तेव्हा तपकिरी आणि पांढरा दोन्ही टाका. घारींसाठी हा भाग वापरूच नका, शेपूट पाहा. खाच असेल तर साधी घार, टोक गोल असेल आणि अंग तपकिरी असेल तर बहुधा ब्राह्मणी घारीचं पिल्लू.

शेवटी जागेचं. साउंड आयडीची रेकॉर्डिंग फोनमध्ये साठत जातात, आणि फाइल्स मोठ्या असतात. एका मोसमात स्वस्त फोन त्यांनीच भरतो. आठवड्यातून एकदा सगळ्या पुसा, शंका असलेल्या तेवढ्या ठेवा. त्या घरी हेडफोन लावून, पंखा बंद करून पुन्हा ऐका.