गाळ फुकट, वाहतूक नाही: ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचं परीक्षण

तलावात साचलेला गाळ उपसायचा आणि शेतात नेऊन पसरायचा, अशी ही योजना. मृद व जलसंधारण विभाग, पोकलेन लावणारी संस्था, ग्रामपंचायत आणि गाळ नेणारा शेतकरी अशा चौघांच्या भागीदारीवर ती उभी आहे. २०१७ ला सुरू झाली, २०२३ मध्ये शेतकऱ्याच्या अनुदानासह नव्याने आली. आमचं मत आधीच सांगून टाकतो: तलावापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत तुमची हलकी, मुरमाड जमीन असेल तर डोळे झाकून गाळ घ्या. तलावाचं मात्र अर्धंच काम होतं, कारण पाणलोटाचा माथा, म्हणजे जिथून पाणी आणि माती तलावात वाहून येते तो वरचा उतार, याची जबाबदारी या भागीदारीत कोणाकडेच नाही.

पैशाचं गणित नीट समजून घ्या, पुढचे सगळे घोळ तिथूनच सुरू होतात. २०२३ च्या दरांनुसार मशीन आणि इंधनासाठी घनमीटरला ३१ रुपये. गाळ शेतात नेऊन पसरवण्यासाठी शेतकऱ्याला घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे, एकरी १५,००० रुपयांच्या मर्यादेत आणि अडीच एकरांपर्यंतच. म्हणजे जास्तीत जास्त ३७,५०० रुपये. हे अनुदान सीमांत आणि अल्पभूधारकांना. विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातले शेतकरी यांना जमिनीची अट नाही. बाकीच्यांनी गाळ न्यावा, पण वाहतूक स्वखर्चाने.

एकरी ४०० घनमीटर गाळ धरला आहे. तो सारखा पसरला तर जेमतेम चार इंचांचा थर होतो. ऐकायला थोडा वाटतो, पण ४०० घनमीटर म्हणजे सुमारे १४१ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). एका ब्रासची ट्रॉली धरली तर एका एकराला १४० खेपा, आणि खेपेला अनुदान पडतं १०० रुपयांच्या आसपास. शेत तलावाला लागून असेल तर यात भागतं. अंतर वाढेल तशी खिशाला चाट बसते. शिवाय पैसे खात्यात येतात ते मोजमाप झाल्यावर, डिझेल मात्र त्याच दिवशी भरावं लागतं. ज्याच्या घरचा ट्रॅक्टर नाही अशा अल्पभूधारकाला इथेच माघार घ्यावी लागते. ज्याच्यासाठी अनुदान आणलं तोच पहिला गळतो, ही या योजनेतली सगळ्यात बोचणारी गोष्ट.

दुसरी अडचण मशीन गाव सोडून जाण्याची. गावात त्यावरून खूप चिडचिड होते, पण कारण सरळ आहे: पैसे घनमीटरवर मिळतात, तासावर नाही. ट्रॅक्टरची वाट बघत उभं राहिलेलं मशीन म्हणजे आणणाऱ्याचा निव्वळ तोटा. म्हणून मशीन यायच्या आधी ट्रॅक्टर मोजा. भरून-जाऊन-रिकामं करून-परत येऊन एका खेपेला लागणारी मिनिटं भागिले ट्रॉली भरायला लागणारी मिनिटं. वीस टनी पोकलेन चार-पाच बकेटांत ट्रॉली भरतं. वळण, जागा धरून चार मिनिटं म्हणा. फेरी ४० मिनिटांची असेल तर दहा ट्रॅक्टर हवेत. सहाच असतील तर दर ४० मिनिटांतली १६ मिनिटं मशीन उभं राहणार. ज्यांच्या शेतातून रस्ता जातो त्यांची संमती आधी घ्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी बांधावर भांडण ठरलेलं.

गाळ सगळीकडे सारखा नसतो. नाला तलावात शिरतो तिथे पाण्याचा वेग मोडतो आणि जाड वाळू, खडे आधी खाली बसतात. बारीक चिकण भाग वाहत भिंतीकडे जातो. म्हणून मुखाशी, मध्ये आणि भिंतीच्या बाजूला असे तीन नमुने घ्या. काचेच्या बाटलीत एक तृतीयांश गाळ, वर पाणी, जोरात हलवा आणि ठेवून द्या. मिनिटाभरात खाली बसते ती वाळू; चिकणमाती बसायला दुसरा दिवस उजाडतो. निम्म्याहून जास्त वाळूच दिसली तर तो गाळ शेतात नेण्यात अर्थ नाही. पाणी आटल्यावर पडलेल्या भेगांच्या कडांना पांढरी पुटं दिसली तर क्षाराची शंका घ्या आणि सामू (पीएच) व क्षारता तपासूनच उचला. वाळू विकायला काढणं या योजनेत पूर्ण बंद आहे, त्यामुळे ‘थोडी बाजूला टाकू’ म्हणणाऱ्याला वेळीच आवरा.

उकरताना हात कुठे आखडायचा हे तलावाच्या प्रकारावर ठरतं. पाझर तलावात तळावर बसलेला चिकण थर निघाला की पाझर वाढतो, तेच हवं असतं. साठवण तलावात किंवा गावतळ्यात मूळ तळ लागला की थांबायचं. खालचा घट्ट थर फोडला तर दिवाळीनंतर तळं कोरडं. ओळखायला सोपं आहे. गाळ एकसारखा, मऊ, खड्यांविना निघतो. बकेटच्या दातांना मुरूम लागला की आवाज आणि रंग दोन्ही बदलतात. भिंतीच्या पायथ्याला हात लावायचा नाही. किती अंतर सोडायचं ते अभियंत्याकडून चुन्याने आखून घ्या, ऑपरेटरच्या अंदाजावर सोडू नका.

मोजमापावरून होणारी भांडणं एका गोष्टीने टळतात: माप खड्ड्याचं की ट्रॉलीचं, हे आधी लिहून घ्या. उकरलेला गाळ फुगतो. खड्ड्यात १०० घनमीटर होता तो ट्रॉलीत १२० ते १३० भरतो. काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर त्याच बिंदूंवर लेव्हल (तळाच्या उंचीची मापं) घेतल्या, कामाची नोंद ठेवणाऱ्या अवनी ॲपवर फोटो वेळच्या वेळी चढवले, तर बिल अडायला फारसं कारण उरत नाही.

शेतातलं थोडक्यात. भारी काळ्या जमिनीवर गाळ टाकू नका, निचरा बिघडतो. हलक्या जमिनीवर ढीग तसेच न ठेवता पसरा, उन्हात तडकू द्या, मग वखर किंवा रोटाव्हेटरने वरच्या मातीत मिसळा. न मिसळलेला थर पहिल्या पावसात चिखल होतो आणि उघडीप मिळताच कडक पापुद्रा धरतो, उगवण मार खाते. गाळ ओल धरतो, खताची जागा घेत नाही. शेणखत चालूच ठेवा. पहिल्या वर्षी तण जास्त येतं.

आता माथ्याचं. एका एकरापुरता गाळ निघाला की तलावात ४ लाख लिटर पाण्याची जागा होते, हे खरंच मोठं आहे. पण वरच्या डोंगरउतारावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले) नाहीत, ओघळींत अनघड दगडी बांध (न घडवलेले दगड रचून केलेले) नाहीत, शेतांना बांधबंदिस्ती नाही, तर ती जागा पुढचे पावसाळे पुन्हा माती आणून बुजवतात. पाणलोटाच्या कामासाठी गाजलेल्या हिवरे बाजार गावाने डोंगर आधी धरला. इथे अडचण अशी की माथा बहुतेकदा वनविभागाचा किंवा शेजारच्या ग्रामपंचायतीचा असतो, आणि योजनेच्या कागदावर त्यांची सहीच नसते. खालच्या गावाला पाणी मिळणार, मग वरच्याने चर का खोदावेत? योजनेत याचं उत्तर नाही. गावांनी ते स्वतः शोधायचं: दोन्ही ग्रामपंचायतींचा एकत्र ठराव, माथ्याची कामं रोजगार हमी योजनेतून, आणि गाळाच्या यादीत वरच्या गावातल्या हलक्या जमिनीवाल्यांची नावं पहिली.

कागद जानेवारीतच हलवा: ग्रामपंचायतीचा ठराव, शेतकऱ्यांची यादी, सातबारा, बँक खातं, तलावाचे फोटो. तलाव कोरडा पडून शेतं मोकळी होईपर्यंत मार्च संपतो आणि जूनच्या पहिल्या पावसात रॅम्प घसरडा झाला की काम थांबतं. हातात जेमतेम दोन महिने असतात, आणि त्यातही मधला भाग ओला असल्याने सुरुवात कडेनेच करावी लागते.