सीओटू कोअर की शेल कोअर? पंप-व्हॉल्व्हचं कास्टिंग करणाऱ्यांसाठी

कास्टिंगच्या आतली पोकळी धरायला साच्यात वाळूचा कोअर ठेवतात. तो सोडियम सिलिकेट मिसळून सीओटू (कार्बन डायऑक्साइड) गॅसने कडक करायचा, की रेझिनचा थर चढवलेली वाळू (कोटेड सँड) तापलेल्या बॉक्समध्ये भाजून शेल कोअर करायचा? कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावातल्या लहान फाउंड्रीत हा प्रश्न बहुधा ठरलेल्या वेळी येतो. महिन्याला ५० नगांचा व्हॉल्व्ह बॉडीचा जॉब ५०० वर जातो आणि सीओटूवर चाललेलं कोअर शॉप धापा टाकायला लागतं. कोल्ड बॉक्सचं, म्हणजे रेझिनचा कोअर न तापवता अमाइन गॅसने कडक करण्याच्या पद्धतीचं, नाव निघतं, पण तो गॅस आणि त्याचा स्क्रबर (गॅस धुणारं यंत्र) एवढ्या कामाला परवडत नाही. मग उरतात हे दोन. खाली जे आहे ते ग्रे आयर्नच्या (साध्या बिडाच्या), ५ ते २० किलोच्या कास्टिंगपुरतं धरा.

सीओटूची बाजू आधी, कारण तिला उगाच नावं ठेवली जातात. लाकडी कोअरबॉक्स चालतो, ड्रॉइंग बदललं तर सुतार दोन दिवसांत बॉक्स दुरुस्त करून देतो. भट्टी नको, बर्नर नको. कोरड्या वाळूत ३.५ ते ४.५ टक्के सिलिकेट, मिक्सरमध्ये तीन-चार मिनिटं, १५-२० सेकंद गॅस, की कोअर हातात. बाइंडरमध्ये नायट्रोजन नाही, सल्फर नाही, त्यामुळे एसजी आयर्न (गोल ग्राफाइटचं बीड) आणि स्टीललाही निर्धास्त वापरता येतो. यात बिघडतं ते मुख्यतः गॅस देणाऱ्या हातामुळे. कोअर बोटाला कडक लागला तरी गडी गॅस सोडतच राहतो, सिलिंडरच्या रेग्युलेटरवर बर्फ धरतो, आणि दुसऱ्या दिवशी कोअरवर पांढरी भुकटी येऊन कडा झडू लागतात. वाया गेलेल्या गॅसपेक्षा हा तोटा मोठा. वॉशही (कोअरवरचा उष्णतारोधक लेप) स्पिरिटचाच द्यावा लागतो, पाण्याच्या वॉशने कोअर मऊ पडतो.

इथवर सीओटू पुढे आहे. पण खरी कसोटी कास्टिंग थंड झाल्यावर लागते.

सिलिकेट जळून जात नाही. तापून गार झालेल्या कोअरची ताकद ५००-६०० अंशांच्या आसपास बरीच उतरलेली असते, तेवढंच तापमान लागलेला भाग हातोडीच्या दोन ठोक्यांत मोकळा होतो. ८०० च्या पुढे मात्र सिलिकेट वितळून वाळूच्या कणांभोवती काच धरतं आणि थंड झालं की दगड. म्हणजे कोअर निघणार की नाही, हे त्याच्याभोवती धातू किती आहे यावर ठरतं. जाड कोअर आणि पातळ भिंत असेल तर आतला गाभा सुटा राहतो, त्रास नाही. व्हॉल्व्हची सीट किंवा इम्पेलरचा पाण्याचा मार्ग मात्र १२-१५ मिलिमीटरचा असतो आणि दोन्ही बाजूंनी जाड धातू. तिथे कोअर पूर्ण भाजतो. फेटलिंगला (कास्टिंग साफ करायला) बसलेला माणूस सळई घालून ठोकत बसतो, वळणापलीकडे सळई जात नाही, आणि त्या कोपऱ्यात नखाएवढी वाळू चिकटून राहते. वरून दिसत नाही. ती सापडते मशीन शॉपला, बोअरिंग करताना टूलचं इन्सर्ट (कापणारं टोक) उडाल्यावर. पाच मिनिटांत बनलेल्या कोअरला वीस मिनिटं फेटलिंग, शेलकडे वळायला हे एकच कारण मला पुरेसं वाटलं.

उपाय आहेत, नाही असं नाही. साखर कारखान्याची मळी एक-दीड टक्का घातली की कोअर बराच सुटतो. पण मळी ओलावा ओढते. पावसाळ्यात असे कोअर दोन दिवस रॅकवर राहिले की ब्लो होल (कास्टिंगमधली गॅसची भोकं) ठरलेले. सिलिकेट ३ टक्क्यांवर आणलं तर नॉकआउट (कास्टिंगमधून वाळू मोकळी करणं) सुधारतो, पण वाळू अगदी कोरडी आणि धूळविरहित हवी, नाहीतर कोअर उचलतानाच तुटतात.

शेलमध्ये ही कटकट मुळातच नाही. फेनॉलिक रेझिन ओतकामाच्या उष्णतेनेच जळतं आणि नॉकआउटवर वाळू अक्षरशः ओतली जाते. कोअर जाड असेल तिथे तो पोकळ, भिंत ८-१० मिलिमीटर, त्यामुळे महागडी कोटेड सँड वाटते तेवढी लागत नाही. पावसाळ्यात रॅकवर पडून राहिले तरी बिघडत नाहीत.

त्रास वेगळे आहेत. कोअरबॉक्स बिडाचाच हवा, तो २३० ते २७० अंशांवर सगळीकडे सारखा तापला पाहिजे. एक कोपरा थंड राहिला, किंवा सँड लवकर ओतून काढली, की आतला थर सोलून पडतो आणि कोअर एका बाजूला कागदासारखा पातळ. रेझिन कडक करणाऱ्या हेक्झामिनमुळे अमोनियाचा वास डोळ्यांत जातो, शॉपला एक्झॉस्ट लागतोच. भट्टीत टाकलेल्या मालात (चार्जमध्ये) स्टील स्क्रॅप जास्त असेल तर नायट्रोजनचे पिनहोल दिसू शकतात, अशा वेळी सप्लायरकडे कमी नायट्रोजनची ग्रेड मागा. आतल्या कोपऱ्यात पापुद्र्यासारखी व्हेनिंग आली तर वाळूत एक-दोन टक्के आयर्न ऑक्साइड मदत करतं. आणि कोअर प्रिंटमधून (कोअर साच्यात टेकतो त्या भागातून) गॅसला बाहेर वाट ठेवायची, पोकळीत धातू शिरू द्यायचा नाही.

ॲल्युमिनियम ओतणाऱ्यांनी मात्र यातलं काही आपल्याला लावून घेऊ नये. तिथे शेलचं रेझिन पूर्ण जळत नाही, कास्टिंग पुन्हा तापवून वाळू काढावी लागते.

दोन्हींचा हिशेब मांडताना बहुतेक जण किलोमागे वाळूचा दर बघतात आणि सीओटूवर थांबतात. त्याच कागदावर नगामागे फेटलिंगची मिनिटं आणि मशीन शॉपहून परत आलेले नग लिहिले तर आकडा फिरतो, निदान अरुंद मार्गाच्या जॉबला. जाड, सरळ कोअर आणि महिन्याला शंभराच्या आतले नग असतील तर सीओटू राहू द्या, त्यासाठी बिडाचा बॉक्स करणं मला तरी पटत नाही. पाण्याच्या वाटा असलेला, वर्षभर चालणारा जॉब हातात असेल, तर पहिला शेल बॉक्स त्याचाच करून बघा. बाकीचे लाकडी बॉक्स लगेच मोडीत काढायची गरज नाही.