एकच तारीख, एकच नाट्यगृह: नाट्यगीतांची मैफल घ्यावी की अख्खं संगीत नाटक?

5 नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाला धरून किंवा दिवाळीच्या पुढेमागे जिल्ह्या-तालुक्याच्या गावांतल्या बऱ्याच संस्था एक संगीत संध्याकाळ करतात. नाट्यगृहाची तारीख हातात असते, एखाद्या पतसंस्थेची मदत ठरलेली असते आणि कमिटीच्या बैठकीत दरवर्षीचा प्रश्न येतो: नाट्यगीतांची मैफल ठेवायची, की जुन्या संगीत नाटकाचा नव्याने बसवलेला प्रयोग आणायचा? सांगली-मिरजेच्या आमच्या भागात मी दोन्ही केलं आहे. खुर्च्यांचा प्लॅन मांडून तिकिटांच्या टेबलावर बसलो आहे, उरलेली तिकिटं मोजली आहेत. त्या अनुभवावरून लिहितो. दुसऱ्या गावात चित्र थोडं वेगळं असू शकेल.

आधी खर्च, कारण बैठकीत तोच आधी निघतो. इथे मैफलीचं पारडं जड आहे. दोन-तीन गायक, ऑर्गन किंवा संवादिनी, तबला, एखादं तालवाद्य आणि निवेदक. सगळे एका गाडीत मावतात, दुपारी येतात, आवाजाची जुळवाजुळव करतात, रात्री परत निघतात. नाटकाला वीस-बावीस माणसं, नेपथ्याचा टेम्पो, कपडेपट, रंगभूषा, मुक्काम, दोन वेळचं जेवण. बाहेरगावची नामवंत मंडळी असतील तर प्रत्येकाची नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, वेगळी. आमच्या हिशोबात नाटक मैफलीच्या दुपटीच्या पुढेच गेलं आहे. पहिल्यांदाच कार्यक्रम करणाऱ्या, गंगाजळी नसलेल्या संस्थेला मैफल घ्या असं कुणी सांगितलं, तर त्यात चूक नाही. करात मात्र फरक पडत नाही. तिकीट 500 रुपयांपर्यंत असेल तर नाटकालाही जीएसटी नाही आणि गाण्याच्या कार्यक्रमालाही नाही. आमच्याकडे त्याच्या वर तिकीट लावायची वेळच येत नाही.

तिकीटविक्रीची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. मैफलीची तिकिटं लवकर जातात. निम्मी तर प्रायोजकच उचलतात: बँकेच्या सभासदांना, दवाखान्याच्या स्टाफला, व्याह्यांना. प्लॅन चार दिवसांत रंगतो आणि कमिटी निर्धास्त होते. कार्यक्रमाच्या दिवशी पुढच्या पाच-सहा रांगांत मोकळ्या खुर्च्या दिसतात, कारण ज्याला प्रवेशिका फुकट मिळाली त्याला पावसाची एक सर आली तरी घरी बसायला पुरते. नाटकाची विक्री उलट चालते. सुरुवातीचा आठवडा जिवाला घोर लावणारा असतो, फोन येतात ते फक्त 'कोण कोण आहे?' विचारायला. मग शेवटच्या दोन दिवसांत आणि प्रत्यक्ष त्या दुपारी खिडकीवर माणसं येतात, पदरचे पैसे मोजतात आणि विंगेजवळची नको, मधली खुर्ची द्या म्हणून हट्ट धरतात. पैसे मोजून आलेला माणूस शेवटपर्यंत बसतो.

ऑनलाइन विक्रीतही एक गोष्ट लक्षात आली. बुकमायशोवर सांगलीतल्या संगीत नाटकाचं तिकीट काढणारे पुष्कळदा पुण्या-मुंबईत नोकरीला असलेले मुलगे-मुली असतात, आणि खुर्चीवर येऊन बसतात त्यांचे आईवडील. म्हणून जाहिरात गावात जेवढी हवी, तेवढीच गावाबाहेर गेलेल्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हवी. मैफलीसाठी मुलं असं तिकीट काढून देताना मला फारशी दिसली नाहीत. 'आई-बाबांना नाटकाला पाठवलं' यात त्यांना काहीतरी दिल्यासारखं वाटत असावं.

आता भूक. लोकांना जुनी संगीत नाटकं खरंच हवी आहेत का? नाव मोठं असेल तर हवी आहेत, हे उघड आहे, आणि ते आजचं नाही. 8 जुलै 1921 ला टिळक स्वराज्य फंडासाठी, एरवी स्पर्धेत असलेले गायक-नट बालगंधर्व आणि केशवराव भोसले 'मानापमान'च्या संयुक्त प्रयोगात एकत्र उभे राहिले. त्या गर्दीची आठवण शंभर वर्षांनंतरही सांगितली जाते. आपल्या काळात 2010 मध्ये सुबोध भावे यांनी 'कट्यार काळजात घुसली' पुन्हा रंगभूमीवर आणलं. मूळ नाटक 1967 सालचं, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. नव्या प्रयोगात ती भूमिका त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी केली. 2015 मध्ये चित्रपट आला आणि विशीतली मुलं नाट्यपदं गुणगुणू लागली. याचा फायदा मैफलीला लगेच झाला. फर्माईशींच्या चिठ्ठ्या वाढल्या. पण त्या चिठ्ठ्यांत 'सूर निरागस हो' असायचंच, आणि ते तर चित्रपटासाठी नव्याने केलेलं गाणं, नाटकातलं नव्हेच. गायक बिचारे तेही गातात. गावंच लागतं.

आता माझा कौल ज्या एका गोष्टीने फिरवला, तिच्याकडे येतो. ती म्हणजे निवेदन.

निवेदक हा मैफलीचा दोष नाही, गरज आहे. नाट्यपद नाटकातून उचललं की त्याची माणसं, त्याचा प्रसंग, त्याच्या आधीचं वाक्य, सगळं मागे राहतं. ते कुणीतरी सांगावं लागतं. म्हणून प्रत्येक पदाआधी पाच-सात मिनिटं बोलणं होतं. नाटककाराचं जन्मगाव, मूळ गायकाचा मोठेपणा, चालीची कथा. 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी पोटची मुलगी गेली असतानाही बालगंधर्व रंगमंचावर उभे राहिले, तो प्रसंग. प्रसंग मोठाच आहे, ऐकताना गळा दाटतो. पण मी आयोजित केलेल्या आणि ऐकलेल्या जवळजवळ प्रत्येक मैफलीत तो आला आहे, आणि दर वेळी तबलजी हातोडी बाजूला ठेवून, हात मांडीवर घेऊन थांबलेला असतो. ऑर्गनवर षड्ज धरलेला असतो, तो विरून जातो. गायिकेने मनात जो सूर लावून ठेवलेला असतो तोही खाली बसतो. मग ती 'स्वयंवर'मधलं 'नाथ हा माझा' सुरू करते ते शून्यापासून. आम्ही एकदा घड्याळ लावून पाहिलं तेव्हा गाणं आणि बोलणं यांत फारसा फरक उरला नव्हता. निवेदन कमी करा म्हणून आम्ही विनंती करून पाहिली. कमी केलं तेव्हा सभागृहातली निम्मी माणसं एकमेकांना विचारायला लागली, 'हे कुठल्या नाटकातलं?' म्हणजे यातून सुटका नाही.

'सौभद्र'चंच पाहा. बलरामाने सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलं आहे, अर्जुन तीर्थयात्रेला गेलेला, आणि कृष्ण वरकरणी स्वस्थ. अशा वेळी सुभद्रा 'वद जाऊ कुणाला शरण' म्हणते. कृष्णाने काय डाव टाकला आहे तो प्रेक्षकाला ठाऊक असतो, तिला ठाऊक नसतो. त्यामुळे ऐकताना पोटात कालवतं आणि त्याच वेळी ओठांवर हसूही असतं. 1882 पासून हे नाटक टिकलं आहे ते या दुहेरी धाग्यावर. मैफलीत निवेदक हे सगळं व्यवस्थित सांगतो, गायिका पद सुरेख गाते, टाळ्या पडतात. पण समोर सुभद्रा नसते, काळजी वाटावी असं कुणी नसतं. पद एकटं असतं.

'कट्यार'मध्ये तर याहून नुकसान होतं. 'घेई छंद मकरंद' हे एकच पद नाटकात दोन घराण्यांच्या दोन चालींत येतं, एक पंडितजींचं, एक त्यांच्याशी स्पर्धा असलेल्या खाँसाहेबांचं. नाटकाचा सगळा वाद त्या दोन चालींत आहे. मैफलीत बहुतेक वेळा एकच चाल होते, तानांची, टाळ्यांची. ऐकणाऱ्याला पद कळतं, भांडण कळत नाही.

नाटकाच्याही अडचणी आहेत आणि त्या लपवू नयेत. पहिली म्हणजे गाणारा नट मिळणं. गळा आहे तर उभं राहता येत नाही, उभं राहता येतं तर वरचा सूर लागत नाही. दौऱ्यावर नायकाचा घसा बसला तर त्या संध्याकाळी मैफलीतल्यासारखं दुसऱ्याला पुढे करता येत नाही. दुसरी अडचण लांबीची. 'मानापमान' किंवा 'स्वयंवर' यांत पन्नासाच्या आसपास पदं आहेत, 'सौभद्र'मध्ये शंभराहून जास्त. पूर्वी रात्र सरेपर्यंत प्रयोग चालत. आता तीन तासांच्या रंगावृत्त्या, म्हणजे प्रयोगासाठी काटछाट केलेल्या संहिता, होतात आणि कात्री कुणाच्या हातात होती त्यावर सगळं ठरतं. काही मंडळी गद्य कापून पदं ठेवतात आणि नाटकाची पुन्हा मैफल करून टाकतात. असं नाटक घेण्यापेक्षा सरळ मैफल घेतलेली बरी. नाट्यप्रवेशांचा मधला मार्गही काहीजण सुचवतात, म्हणजे तीन नाटकांतले तीन प्रवेश वेशभूषेसह. शाळेच्या सभागृहात ठीक वाटतो, तिकीट लावून मला पटला नाही.

गोव्याचा प्रेक्षक याबाबत आपल्यापेक्षा धीराचा आहे. तिथे देवळांच्या उत्सवांत गावातली हौशी मंडळी आजही संगीत नाटक उभं करतात आणि लोक उशिरापर्यंत मांडवात बसतात. तिकडे नाटक उत्सवाचाच भाग असतो, आपल्याकडे ते विकावं लागतं. म्हणून गोव्यात रंगलेला प्रयोग जसाच्या तसा आपल्या नाट्यगृहात रात्री साडेनऊला लावला तर निम्मे ज्येष्ठ मध्यंतरात रिक्षा शोधू लागतात. संगीत नाटक रविवारी दुपारी साडेचारला लावावं, रात्री नको. खिडकीवरच्या गर्दीत याने पडलेला फरक मी स्वतः पाहिला आहे, आणि मैफलीला वेळेचा एवढा फटका बसत नाही हेही खरं.

तरीही दोन्हींपैकी एक निवडायचं झालं आणि पैशाची थोडी ओढाताण सोसायची तयारी असली, तर मी नाटक घेईन. मैफलीनंतर लोक गायकाचं नाव घेऊन घरी जातात. नाटकानंतर ते 'संशयकल्लोळ'मधला फाल्गुनराव, सुभद्रा, खाँसाहेब यांच्याबद्दल बोलत जिना उतरतात आणि पुढच्या वर्षी 'आता कुठलं आणताय?' असं आपण होऊन विचारतात. पुढच्या वर्षीची विक्री तिथेच सुरू होते. मैफलीनंतर हा प्रश्न मला कुणी विचारल्याचं आठवत नाही.

नाटक ठरलंच तर सुरुवात 'संशयकल्लोळ'ने करावी असं सुचवेन. त्याचे नाटककार देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे, म्हणजे आमच्याच मातीतले, हे कारण आहेच. पण मुख्य कारण असं की ते आधी 'फाल्गुनराव' नावाचं गद्य नाटक होतं, पदं नंतर आली. त्यामुळे गाण्यातलं ओ की ठो न कळणारा माणूसही फाल्गुनराव आणि त्याची बायको कृत्तिका यांच्या संशयांवर हसत तीन तास बसतो, आणि गाण्याचा दर्दी रेवती-अश्विनशेठच्या पदांसाठी बसतो. तिकिटाच्या टेबलावरून सांगतो, नवरा-बायको दोघंही येतील असं संगीत नाटक विकायला सोपं जातं. गावातल्याच कलाकारांना घेऊन बसवायचं असेल तर हक्कांचाही प्रश्न नाही. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी हक्क संपतात. देवल 1916 मध्ये गेले, गडकरी 1919 मध्ये, 'मानापमान'-'स्वयंवर'चे खाडिलकर 1948 मध्ये. दारव्हेकर, विद्याधर गोखले, कानेटकर यांच्या नाटकांना मात्र परवानगी आणि मानधन लागणार. जुन्या नाटकाची कुणी नव्याने केलेली रंगावृत्ती वापरणार असाल तर तिच्या संपादकालाही विचारायला हवं.

बाहेरची संस्था बोलावणार असाल तर इसार देण्याआधी दोन गोष्टी फोनवर नक्की विचारा. साथ समोर बसून होणार की आधी ध्वनिमुद्रित केलेल्या ट्रॅकवर? ट्रॅकवर असेल तर वन्स मोअर देता येत नाही, आणि आमच्याकडचा प्रेक्षक तो मागितल्याशिवाय राहत नाही. आणि रंगावृत्तीत गद्य किती ठेवलं आहे? 'पदं सगळी आहेत, काळजी करू नका' असं उत्तर आलं, तर एका प्रयोगाचं चित्रीकरण मागून घ्या आणि ते पाहूनच तारीख द्या.