क्लिकर घ्यावा का? कुत्री, मांजर, शेळी आणि कॉकॅटीलवर वापरून बघितला, त्याबद्दल

एप्रिलमध्ये घेतलेले, आता सहा महिने रोज वापरून झाले म्हणून लिहितेय. कर्वेनगरच्या एका पेट शॉपमधून दोन क्लिकर (प्राण्यांना शिकवताना वापरायची, दाबली की 'टक्' वाजणारी मुठीत मावणारी वस्तू) आणले, एक जुन्या पद्धतीचा डबीसारखा, आत स्टीलची पट्टी असलेला, १२० रुपयांचा, आणि दुसरा वर मोठं गोल बटण आणि मनगटात अडकवायला गुंडाळीची दोरी असलेला, १८० चा. आणले आमच्या गुंडीसाठी. गुंडी म्हणजे आमची इंडी, साधी देशी कुत्री, राजाराम पुलाजवळ पिल्लू असताना सापडलेली, आता साडेतीन वर्षांची आहे. नखं कापायला घेतली की ही पलंगाखाली. त्यात मागच्या वर्षी एका ट्रेनरकडे नेलेलं तर त्याने पहिल्याच दिवशी चोक चेन (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) घालून असा हिसका दिला की पुढचा आठवडाभर मी नुसता पट्टा हातात घेतला तरी ती जागच्या जागी शू करायची. पैसे गेले त्याचं काही नाही, तिचा विश्वास गेला त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तर आधी क्लिकर म्हणजे काय ते सांगते, कारण पाकिटातल्या चिठ्ठीवरच चुकीचं लिहिलंय! "कुत्रा ऐकत नसेल तर वाजवून लक्ष वेधून घ्या" असं छापलंय, ते अजिबात करू नका. क्लिकर बोलवायला नसतो. त्याचा अर्थ एकच, आत्ता या क्षणी जे केलंस ना, त्याचा खाऊ मिळणार. सुरुवातीला काहीच करायला सांगायचं नाही, क्लिक की खाऊ, क्लिक की खाऊ, असं पंधरा-वीस वेळा. आवाज आल्या आल्या ती तुमच्या हाताकडे बघायला लागली की समजायचं तिला कळलं. आणि वाजला की खाऊ द्यायचाच, चुकून वाजला तरी द्यायचा, यात कंजुषी केलीत तर त्या आवाजाला काही अर्थ उरत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, तोंडाने शाब्बास म्हटलं तर नाही का चालत?" चालतं, पण आपला आवाज दमलो की वेगळा, चिडलो की वेगळा, आणि शाब्बास म्हणेपर्यंत कुत्रं बसून परत उठलेलं असतं. डॉल्फिन शिकवणारे म्हणूनच शिट्टी वापरायचे, तो हवेत उडी मारलेला असताना मासा कसा देणार, शिट्टीने त्याला कळतं की हीच उडी हवी होती. कॅरेन प्रायर मूळच्या डॉल्फिन ट्रेनरच, १९९० च्या दशकात कुत्रेवाल्यांमध्ये क्लिकर पसरला तो बराचसा त्यांच्यामुळे. त्याच्याही आधी, १९४० च्या दशकात, मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्याकडे शिकलेले मॅरियन आणि केलर ब्रेलँड हे नवरा-बायको अमेरिकेत कोंबड्यांपासून डुकरांपर्यंत सगळ्यांना असंच शिकवत होते. म्हणजे हे काही आत्ताचं फॅड नाहीये.

गुंडीच्या नखांचं सविस्तर सांगते, कारण त्यासाठीच घेतलेला. पहिले दोन दिवस नेलकटर नुसता जमिनीवर, तिने त्याच्याकडे बघितलं की क्लिक आणि उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा. मग नेलकटर माझ्या हातात. मग पंजाला टेकवून लगेच बाजूला. एक दिवस टेकवला तर तिने पंजा ओढला नाही, पण ओठ चाटत होती आणि मान पलीकडे वळवलेली, म्हणजे घाबरलेली होती, म्हणून मी एक क्लिक केला, खाऊ दिला आणि त्या दिवशी तिथेच थांबले. रोज दोन-तीन मिनिटंच करायचे. पहिलं नख कापायला तीन आठवडे लागले. जुलैमध्ये मी नेलकटर काढला तर ही स्वतः समोर येऊन बसली आणि पंजा माझ्या मांडीवर ठेवला. मला रडूच आलं.

बहिणीची मांजर मात्र डबीवाल्याच्या पहिल्याच आवाजाला जी फ्रिजवर चढली ती दोन तास खाली नाही. तो आवाज खरंच कर्कश आहे. मोज्यात गुंडाळून वाजवला, तरी नको. शेवटी साध्या बॉलपेनच्या टकटकीवर काम झालं, खाऊ म्हणून बांगड्याचे कण, आणि आता ती स्वतःहून कॅरियरमध्ये जाऊन बसते. मांजर सहा-सात घासांनंतर उठून जाते, तिला जाऊ द्यायचं.

सगळ्यात पटकन शिकली ती सासवडला मामाकडची शेळी, खरंच! लाकडी पळीला नाक लावलं की क्लिक, पाच मिनिटांत ती पळीच्या मागे अंगणभर फिरत होती, आणि दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर आपली आपण चढली. मामीने बजावलेलं की दाणे जास्त घालू नकोस, पोट बिघडतं, म्हणून सुबाभळीचा पाला दिला. शेजारच्या मुलाच्या कॉकॅटीलला (तुरेवाला छोटा परदेशी पोपट) राळ्याचं कणीस दाखवून बोटावर यायला शिकवलं, तिथे बटणवालाच चालला. (यावरून कोणी हिरवा पोपट आणू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो पाळायला बंदी आहे.)

कोणी म्हणतं हे लाडावलेल्या कुत्र्यांचं खूळ आहे, तर टांझानियात अपोपो नावाची संस्था मोठ्या आफ्रिकन उंदरांना क्लिकरवरच सुरुंगाचा वास ओळखायला शिकवते. त्यातल्या मगावा नावाच्या उंदराने कंबोडियात इतके सुरुंग शोधले की २०२० मध्ये ब्रिटनच्या पीडीएसए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने त्याला सुवर्णपदक दिलं. हे वाचलं तेव्हा मी गुंडीला जवळ घेऊन बसले होते.

आता वस्तूबद्दल. डबीवाला जूनमध्ये तळजाईवर खिशात भिजला आणि चार दिवसांत पट्टी गंजली, आवाज बसला, शिवाय दाबताना एकदा आणि सोडताना एकदा असा दोनदा वाजतो. पुण्याच्या पावसाळ्यात तो टिकणार नाही. बटणवाला अजून पहिल्या दिवसासारखा वाजतो, आवाज मऊ आहे, न बघता अंगठ्याखाली येतो. दोरी तेवढी सैल पडलीय. माझ्याकडून डबीला पाचपैकी दोन, बटणाला साडेचार. ऐकू न येणारं कुत्रं असेल तर दोन्ही घेऊ नका, अंगठा वर करायची खूण ठरवली तरी तेच काम होतं. आणि मांजरवाल्यांनी दुकानात जायच्या आधी घरातलं बॉलपेन वाजवून बघा, कदाचित काहीच विकत घ्यावं लागणार नाही.