प्रीप्रोसेसर कंपायलरच्या आत ठेवायचा की बाहेर?

प्रीप्रोसेसर म्हणजे कंपाइल होण्याआधी मॅक्रो (मजकुराला दिलेली छोटी नावं) उलगडणारा आणि हेडर फाइली आत घेणारा टप्पा. कमांड लाइनवरून सी कंपाइल करणाऱ्या बहुतेकांना हा प्रश्न पडतच नाही, कारण जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर प्रीप्रोसेसर न सांगता चालवतात. एखादा मॅक्रो दगा देतो, किंवा सीच्या मॅक्रोंना न झेपणारं काही हवं असतं, तेव्हा मात्र निवड करावी लागते. माझी कसोटी एकच: एरर आली की ती मी स्वतः लिहिलेल्या ओळीकडे बोट दाखवते का?

सगळं एकाच कमांडमध्ये करण्याची पद्धत या कसोटीवर सरळ पास होते. मायनस डी या पर्यायाने मॅक्रो द्यायचा, मायनस एमएमडीने हेडरांची यादी मेकसाठी (बिल्ड चालवणारं साधन) काढून घ्यायची. चूक मॅक्रोच्या पोटात असली तरी मॅक्रो कुठे वापरला आणि कुठे लिहिला, दोन्ही जागा दिसतात. रोजच्या कामाला याहून जास्त काही लागत नाही.

दोन टप्पे वेगळे करायचे असतील तर मायनस कॅपिटल ई, म्हणजे फक्त प्रीप्रोसेस करून थांबायचं. एसटीडीआयओ हेडर घेणारा चार ओळींचा प्रोग्राम त्यातून काढून बघा: शेकडो ओळी सांडतात आणि आपलं मेन पार तळाशी सापडतं. मधूनमधून हॅश, आकडा आणि फाइलचं नाव अशा ओळी असतात. त्या कचरा नव्हेत. मूळ ओळ कोणती आणि सिस्टिम हेडर कुठलं, हे कंपायलरला त्यांवरूनच कळतं. मायनस कॅपिटल पी दिलं की त्या जातात. आउटपुट वाचायला सुटसुटीत होतं, पण ते कंपाइल केलं तर एररमधले ओळक्रमांक मूळ फाइलशी जुळत नाहीत. शिवाय कंपायलरला आता मॅक्रो दिसत नाही, फक्त त्याचा विस्तार दिसतो. त्यामुळे क्लँग एरवी गप्प बसला असता अशा जागीही वॉर्निंग देतो. ही वाट मी तपासणीसाठीच ठेवतो, किंवा कंपायलरमधलाच बग कळवायचा असेल तेव्हा, कारण डॉट आय फाइल (प्रीप्रोसेस झालेला कोड) एकटी पाठवली तरी पुरते. कंपाइल करता करताच ती हवी असेल तर मायनस सेव्ह टेम्प्स आहेच. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये स्लॅश पी डॉट आय फाइल लिहितो, पण मग पुढे कंपाइल करत नाही.

खरी जोखीम बाहेरचा प्रीप्रोसेसर आणण्यात आहे. एम४ हा कुठल्याही मजकुरावर चालणारा मॅक्रो प्रोसेसर, १९७७चा, कर्निघन आणि रिची यांचा. सीच्या मॅक्रोंना स्वतःला पुन्हा बोलावता येत नाही, एम४ला येतं, त्यामुळे लांबलचक टेबलं त्यातून छान निघतात. पण त्याला सी कळत नाही. तुमच्या कोडमध्ये इंडेक्स फंक्शनला एस आणि सी देऊन कॉल असेल, तर एम४ तो स्वतःचा मॅक्रो समजतो आणि त्या जागी उणे एक लिहितो. कंपायलर कधीकधी ते निमूट गिळतो! उलट हॅश त्याच्या लेखी कॉमेंट, म्हणून इन्क्लूडच्या ओळीत टाकलेला एम४ मॅक्रो उलगडतच नाही. जीएनयू एम४ला मायनस कॅपिटल पी दिलं की (इथे त्याचा अर्थ वेगळा) आतल्या मॅक्रोंना एम४ आणि अंडरस्कोर असा उपसर्ग लागतो, आणि मायनस एसने मूळ ओळींचे क्रमांक टिकतात. हे दोन्ही नसतील तर या वाटेला जाऊच नका.

सीच्या कोडमध्ये थेट एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) लिहायचं असेल तर निवडच उरत नाही. पोस्टग्रेस डेटाबेससाठी त्याचा प्रीप्रोसेसर ईसीपीजी आधी चालवावा लागतो. तो लाइन डायरेक्टिव्ह (मूळ ओळीचा क्रमांक सांगणाऱ्या ओळी) आपणहून टाकतो, त्यामुळे एम४पेक्षा कमी छळतो. फोरट्रानवाल्यांचं बरं आहे: जीफोरट्रान डॉट कॅपिटल एफ९० फाइल प्रीप्रोसेस करतो, लहान एफवाली नाही.

बाहेरचा प्रीप्रोसेसर घेतलाच, तर मेकच्या नियमात त्याचं आउटपुट पाइपने (एका कमांडचं आउटपुट दुसरीत ओतून) थेट कंपायलरला देऊ नका. साध्या शेलमध्ये पाइपच्या शेवटच्या कमांडचाच निकाल मेकला दिसतो, म्हणजे एम४ मधेच कोसळला तरी बिल्ड यशस्वी ठरू शकतं. आधी फाइलमध्ये लिहा, आणि मेकफाइलमध्ये डिलीट ऑन एरर टाका, म्हणजे अर्धवट फाइल मागे राहून पुढच्या वेळी तीच कंपाइल होणार नाही.